डब्लिनच्या तळघरात ईराचा फोन

शनिवारी दुपारी लिमरिकच्या माझ्या घरून निघालो तेव्हा गाडीत बसता बसताच मंदारनं बजावलं, "आज कुठे जायचं ते मी ठरवणार. नाही म्हणायचं नाही."

माझा मित्र मंदार साताऱ्याचा, इथे आयर्लंडात ट्रली गावच्या इस्पितळात डॉक्टर. वर्षापूर्वी त्याची बायको सायली सहा वर्षांच्या ईराला घेऊन पुण्याला गेली, ती परतलीच नाही. आता लेकीशी बोलणं फक्त रविवारी सकाळी, तिच्या पोहण्याच्या क्लासआधी. पुण्यातली ती सकाळ म्हणजे इथली शनिवारची मध्यरात्र. फोन सायली लावते. यानं लावला तर उचलत नाही.

माझे वडील जालन्याला सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होते. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि मला त्याचा गर्व आहे. ज्या जागेचं नाव घरी सांगता येणार नाही तिथे जायचं नाही, हा माझा नियम. त्या दिवशी तो मोडला, कारण मंदारला एकटं सोडवेना.

डब्लिनचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना ओली कुरणं. वाटेत टोस्टी (चीज घालून भाजलेला पाव) खाल्ली. मंदारनं अर्धी टाकली. "आज क्रॅक (इकडे धमालीला असं म्हणतात) करू रे," असं तो दोनदा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

डब्लिनमध्ये विटांच्या जुन्या घरांची रांग, प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं. त्यातल्या एका घराच्या तळघरात तो क्लब. पाटी नव्हती. काळ्या कोटातल्या धिप्पाड रखवालदारानं आमच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर लाल टिकल्या चिकटवल्या. "फोन बाहेर काढायचा नाही. बाकी सगळं ग्रँड (झकास)."

मला वाटलं होतं आत घाण असेल. तसं काही नव्हतं. मखमली कोच, मंद लाल दिवे, महागड्या हॉटेलसारखा वास. पितळी दांड्याभोवती एक मुलगी फार सुंदर नाचत होती, अंगावरचं एकेक उतरवत. मी पाहिलं, खोटं कशाला बोलू? पण पुरुषांचे चेहरे पाहिले आणि मन खचलं. बँकेत आपला नंबर यायची वाट पाहावी तसे बसले होते सगळे. कोणी हसत नव्हतं.

नाच संपल्यावर रेशमी गाऊन घालून ती आमच्याकडे आली. नाव सांगितलं बेला. मंदारनं पहिला प्रश्न काय विचारावा? "जेवलीस का?"

ती खळखळून हसली. "हे इथे कोणी विचारत नाही!"

पडद्याआडच्या कोचावर तिच्यासोबत बसायला वेगळे पैसे होते. मंदारनं ते भरले आणि मलाही आत ओढलं.

"नाचू?" तिनं विचारलं.

"नको, बस. माझ्या मुलीचा पुढचा दात पडलाय. ती ट्रलीत होती तेव्हा परी येऊन उशीखाली नाणं ठेवायची. आजी म्हणते, दात कौलावर टाक. तर ही रडते, परीला पुण्याचा पत्ता कोण देणार म्हणून."

बेला गालाला हात लावून ऐकत होती. वर्षभरात मंदारला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. वेळेचं भान आम्हा दोघांनाही राहिलं नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन थरथरला. पुण्याहून.

"बाहेर पळ!" मी म्हणालो.

"जाईपर्यंत कट होईल रे. ती परत नाही लावत."

त्यानं टिकली उपटली आणि फोन उचलला.

"बाबा!" स्क्रीनवर ईरा, पुढचा दात नसलेली. मग तिची नजर त्याच्या खांद्यामागे गेली आणि ती ट्रलीच्या हेलात म्हणाली, "हू इज युअर वन?" (ती बाई कोण?)

"तू माझं शूटिंग करतोयस?" बेला ओरडली. दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकलं. "तू पण तसलाच?"

रखवालदार धावत आला आणि त्यानं मंदारचं बखोट धरलं. फोन हिंदकळला. लाल दिवे, पडदा, गाऊन, सगळं पलीकडे दिसलं असणार. ईराच्या जागी सायलीचा चेहरा आला. स्क्रीन काळी झाली.

बाहेर काढल्यावर फुटपाथवर मंदार पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. मग बेलाची माफी मागायला दाराशी गेला. रखवालदार हळूच म्हणाला, "घरी जा, भावा."

लिमरिकला पोचेस्तोवर उजाडलं. मी चहा ठेवला. मंदार म्हणाला, "तू चांगलं लिहितोस. सायलीला लिही ना, मी तिथे नुसता बोलत होतो म्हणून."

जालन्यात आमची निम्मी गल्ली माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायची. रेशनचे, फीमाफीचे. एकही परत आला नव्हता. मी लिहिलं, "वहिनी, मंदार तिथे ईराच्या दाताबद्दल बोलत होता." वाचून पाहिलं. शब्द न् शब्द खरा, आणि कोणीही हसेल. अजून दोन वाक्यं जोडली तर आणखीच खोटं वाटायला लागलं. ती खोडली आणि पहिलंच पाठवलं. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

ऑफिसात विचारतात, डब्लिन कसं वाटलं? देखणं शहर आहे, असं मी सांगतो. तिथे एका माणसाला मनातलं बोलायला जागा मिळाली होती, आणि ती त्या तळघरात होती, हे कुणाला सांगणार?

पुढच्या शनिवारी मंदार माझ्याकडेच आला. रात्री फोन टेबलावर मधोमध ठेवून आम्ही वाट बघत बसलो. पुण्यात पोरं पोहून, डोकी पुसून घरी गेली असतील, तेव्हा मी उठून दिवा मालवला. तो तसाच बसून होता.