डायरेक्ट केलंय, राव!

वारूळवाडीतला हा माणूस शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीवर आला, आणि येताना जुनी खोड घेऊन आला. मोटार जळू नये म्हणून बसवलेला भाग बिघडला, की तो काढून फेकायचा, वायर थेट जोडायची आणि मांडीवर थाप मारून म्हणायचं, “डायरेक्ट केलंय, राव!”

लग्नांचे व्हिडिओ बनवायला मी घरी सर्व्हर ठेवलाय. दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच डब्यात दोन-तीन कॉम्प्युटर, चालवणारा तो सर्व्हर अचानक रखडायला लागला. त्याच्या डिस्कांवर डेटा लिहिणाऱ्या ‘रेड’ कार्डाची बॅटरी मेली होती. लाईट गेली तर डेटा उडू नये, म्हणून कार्ड बिचारं सावकाश लिहीत होतं. मी या माणसाला बोलावून म्हटलं, नवी बॅटरी बसवा. यानं मला न विचारता कार्डाची ती सावधगिरीच बंद केली. सर्व्हर पळाला! दुसऱ्या दिवशी लाईट गेली आणि खोडदच्या एका लग्नाची होत आलेली फिल्म मातीत गेली. नवरीच्या आईला तोंड दाखवायचं ते मी!

तणतणत त्याच्या दुकानात गेलो.

“लाईट गेली त्याला मी काय करू, भाऊ? आन् तेवढ्याशा बॅटरीनं काय व्हतंय?”

तेव्हाही गावात लाईट नव्हती. त्याच्या डोक्यावरचा पंखा मात्र गरगर फिरत होता, कोपऱ्यातल्या नव्या कोऱ्या बॅटरीवर.