नदीकाठी लावलेला कर्णा

ऑक्टोबर १९६१ मध्ये माझी बदली पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलमधून सावंतवाडीच्या तात्पुरत्या मेडिकल डिटॅचमेंटवर झाली. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. वय पंचवीस. दहा खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सिंग ऑर्डर्ली आणि मी, एवढाच आमचा कारभार होता. साडेपाचला उठणे, सहाला वॉर्डची फेरी, सातला रिपोर्ट. मलेरिया, विंचूदंश, पायाला झालेल्या जखमा. लढाई अजून सुरू झाली नव्हती.

ईशान, रेवा, तुमच्या विद्यापीठातल्या कोणाला तरी एक जुनी अठरा मिनिटांची फिल्म सापडली आणि तिच्यात मी दिसते, असे तुम्ही फोनवर म्हणालात. ती मीच आहे. फोनवर मी विषय बदलला, कारण तो फोनवर सांगण्यासारखा नव्हता. आता क्रमाने लिहिते.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. तेरेखोलची नदी ही हद्द. नदीच्या अलीकडे एक गाव होते, त्याचे नाव लिहीत नाही. गावाचे देऊळ अलीकडे आणि गावातल्या निम्म्या लोकांची घरे, शेते पलीकडे. पलीकडच्या चौकीने होड्यांची ये-जा बंद केली होती, तरी लोक चोरून येत-जात. या लोकांवर फिल्म काढायला दिल्लीहून आर्मीचे एक छोटे पथक आले. ही माणसे स्वतःला कोण समजतात, त्यांना कुठल्या राज्यात राहायचे आहे, असा फिल्मचा विषय होता. कॅप्टन बक्षी दिग्दर्शक. हवालदार कुरियन कॅमेरामन, तो केरळचा. दोघांनाही इथली भाषा येत नव्हती. मी याच भागातल्या आचऱ्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यामुळे ऑर्डर आली की दुपारी बारानंतर लेफ्टनंटने दुभाषी म्हणून फिल्म युनिटकडे हजर व्हावे.

पहिला आठवडा वाया गेला. कॅमेरा समोर आला की लोक कचेरीत बोलतात तसे बोलू लागत. "आम्ही सर्वजण भारतीय आहोत," असे तोंडपाठ म्हणत आणि हात जोडून उभे राहत. कॅप्टन प्रत्येक वाक्य तीनदा घ्यायचे. एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेबाक कानान कमी ऐकाक येता काय गो बाय? सांगलेलाच परत इचारता." मी ते भाषांतर करून सांगितले. कॅप्टन हसले नाहीत. कुरियन मात्र चालू कॅमेऱ्यामागे हसला आणि शॉट हलला.

ही म्हातारी शेवंती, पलीकडची. त्याच शॉटमध्ये तिने दिलेले उत्तर फिल्ममध्ये आहे, पण इंग्रजी निवेदनाखाली दबले आहे. "माका इचारतत, तू खंयची? माझा घर थंयसर आणि देव हंयसर. मदी न्हय. मी काय न्हयची म्हणान सांगू?" न्हय म्हणजे नदी.

कॅप्टनना हे आवडले. त्यांना आता देऊळ हवे होते. गावच्या मानकऱ्याला सगळे गावकर म्हणत. या गावकरांनी सांगितले की कार्तिकात देवाची वार्षिक पूजा आहे, तेव्हा गाऱ्हाणे घालतो, ते घ्या. गाऱ्हाणे म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल. मानकरी सगळ्या गावासमोर देवाशी मोठ्याने बोलतो. कोणाचे काय अडले आहे, कोण कुठे जाणार आहे, ते नावासकट सांगतो आणि राखण मागतो. प्रत्येक मागणीनंतर लोक एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. नाव घेतले नाही तर देवाने राखायचे कोणाला, असा साधा हिशेब त्यामागे आहे.

पूजेच्या दिवशी पलीकडून अकरा माणसे आली होती. त्यांत शेवंती होती. त्यांना सकाळी होडीने आणणारा बाबलो हा गुणाजी तारी याचा मुलगा. संध्याकाळी तोच त्यांना परत पोचवणार होता.

तीन वाजता पहिला टेक झाला. तो फसला. बायका मंडपाबाहेर अंगणात बसल्या होत्या. त्यांना गावकरांचे शब्द ऐकू जात नव्हते, त्यामुळे "व्हय म्हाराजा" मागेपुढे येत होते. कॅप्टन वैतागले. मी म्हटले, "सर, जीपमध्ये लाउडस्पीकर आहे. कर्णा अंगणाकडे तोंड करून लावला तर सगळे एकदम म्हणतील."

"गुड. कुरियन, कर्णा लाव."

दहा मिनिटांत कर्णा दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसला. अंगणाच्या पुढे नारळाची एक रांग, त्यापुढे नदी. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे खाडीकाठी वाढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. मला ते कोणी सांगायला नको होते.

तीन चाळीसला गावकर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज पलतडची अकरा लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. तेंका गुणाजीचो झील बाबलो तिनसांजेक काजऱ्याच्या खडपाकडे उतरवतलो. थंयसर तेंची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मीही म्हटले. माझ्या मांडीवर वही होती, हातात पेन्सिल होती, आणि मी शब्द न शब्द टिपला. पण लहानपणापासून कानावर पडलेले गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. त्याला होकार देतो, एवढेच. टेक उत्तम झाला. कॅप्टननी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला बरे वाटले, हेही लिहायला हवे.

सामान आवरायला घेतले. कर्णा उतरवून पेटीत गेला, तारा गुंडाळल्या. पावणेपाचला मी देवळाच्या पायरीवर बसून इंग्रजी भाषांतर लिहू लागले. कॅप्टनना ते त्याच दिवशी पाठवायचे होते. सव्वापाचला मी बाबलोच्या वाक्यापाशी आले. कोण, किती माणसे, केव्हा, कुठे उतरवणार. इंग्रजीत मांडताना ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आले. वाक्य अर्धे सोडून मी धावले.

कॅप्टन जीपजवळ होते. मी दोन वाक्यांत सांगितले. त्यांनी वायरलेसवर नदीकाठच्या आमच्या पिकेटशी, म्हणजे पहाऱ्याच्या तुकडीशी, संपर्क साधला.

"सिव्हिलियन होडी निघाली का? ओव्हर."

"निघाली. पाच दहा. ओव्हर."

"थांबवा. ओव्हर."

"ती मध्याकडे गेली. आम्हाला पाण्यात उतरायची परवानगी नाही. बटालियनला विचारतो. वेट, आउट."

आम्ही काठावर पोचलो. अजून उजेड होता. होडी दिसत होती, तिन्हीसांज व्हायची वाट बघत मध्याजवळ रेंगाळत होती. पलीकडे काजऱ्याच्या झाडाखालचा काळा खडक दिसत होता आणि त्याच्या मागे चौकीच्या शिपायांची हालचाल. पेटीतला कर्णा काठावर आणून पुन्हा जोडायला वीस मिनिटे लागली असती. मी हाक मारली. वारा उलटा होता.

काठाला एक लहान होडी बांधलेली होती. मी तिच्यात एक पाय टाकला.

"सिस्टर, बाहेर या. दॅट इज ॲन ऑर्डर."

मी बाहेर आले. कुरियनने दोर सोडलेला होता. तो बॅकवॉटरच्या काठचा, वल्हे त्याच्या हातात नवे नव्हते. त्याने कॅप्टनकडे पाहिले. कॅप्टन हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने इंग्रजीत विचारले, "त्यांना काय सांगायचे? शब्द द्या."

मी म्हटले, "फाटी फिरा." मागे फिरा, असा त्याचा अर्थ.

त्याने दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा मी त्याचा उच्चार सुधारला. पाच पस्तीसला तो निघाला.

तो वेगाने गेला. त्याचा आवाज काठावर ऐकू येत होता. फाटी फिरा, फाटी फिरा. तिसऱ्या-चौथ्या हाकेला बाबलोने वल्हे थांबवले. होडी आडवी झाली आणि वळू लागली. तेव्हा खडकामागून गोळीबार झाला. आमच्या पिकेटने उत्तर दिले नाही, तसे आदेशच होते. कुरियनने आपली होडी मोठ्या होडीच्या मागे, खडकाच्या बाजूला ठेवली आणि तशीच मागे ठेवत आणली. बाबलो आणि ती अकरा माणसे सुखरूप काठाला लागली. शेवंतीचे लुगडे कमरेपर्यंत भिजले होते. ती सारखी मागे बघत होती.

कुरियनला दोन गोळ्या लागल्या होत्या. एक खांद्यात, एक छातीत उजवीकडे. मी वाळूवरच ड्रेसिंग केले, मॉर्फिया दिला. जे करायचे ते सगळे केले. तो शुद्धीवर होता. त्याने विचारले, "सिस्टर, मी बरोबर म्हटले ना?"

मी म्हटले, "अगदी बरोबर."

सहा वाजून वीस मिनिटांनी तो गेला.

गावकर काठावर उभे होते. मी त्यांना विचारले की ठिकाण का सांगितलेत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फार थकवा होता. "देवाक सांगताना आणखी कोण ऐकता तां बघूचा नसता गो बाय," ते म्हणाले. कर्ण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून लागला हे त्यांनी पाहिले होते.

दोन आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसले. लाउडस्पीकर कोणाच्या आदेशाने लावला, असा प्रश्न आला. कॅप्टन बक्षी म्हणाले, "माझ्या, सर." मला विचारले, काही सांगायचे आहे का. मी म्हटले, "नो, सर." आदेश त्यांचाच होता, हे कागदावर खरे होते. त्यांची बढती अडली आणि पुढे त्यांनी नोकरी सोडली. मी त्यांना कधीही पत्र लिहिले नाही. मला मात्र पुढच्या वर्षी कॅप्टनची रँक मिळाली.

ती अकरा माणसे डिसेंबरपर्यंत अलीकडे देवळातच राहिली. मग लष्करी कारवाई झाली, दोन दिवसांत पोर्तुगीज गेले आणि ती उजेडात, राजरोस आपल्या घरी गेली. फिल्मचे काम दुसऱ्या कोणीतरी पूर्ण केले. गाऱ्हाण्याचा भाग चाळीस सेकंदांचा आहे. मूळ आवाज काढून टाकला आहे आणि निवेदक सांगतो की हे लोक स्वातंत्र्यासाठी प्रार्थना करत आहेत. ते संध्याकाळी धडपणे घरी पोचावे म्हणून प्रार्थना करत होते. त्या चाळीस सेकंदांत डावीकडे जी नर्स तोंड हलवताना दिसते, ती मी.

कुरियनच्या आईला मी इंग्रजीत पत्र लिहिले. तुमच्या मुलाने बारा जीव वाचवले, असे लिहिले. ते खरे होते. तेवढेच लिहिले. तुम्हाला विचारायचे होते की मी त्या फिल्ममध्ये आहे का. मी आहे. कर्णा लावा असे मीच म्हटले होते, आणि आमच्या पथकात गावकरांची भाषा समजणारी मी एकटी होते. हे मी आजपर्यंत तुमच्या आजोबांनाही सांगितले नव्हते.

फिल्मच्या शेवटी नावे येतात, त्यांत कुरियनचे नाव नाही. कॅमेरा त्याच्या हातात असल्यामुळे तो स्वतः एकाही शॉटमध्ये नाही. म्हणून लिहून ठेवते. हवालदार कुरियन, आर्मी फिल्म युनिट. वय एकतीस. उंची साडेपाच फूट, रंग सावळा, डाव्या भुवईवर जुना व्रण. चहात साखर घेत नसे. हसताना त्याचा कॅमेरा हलायचा. शेवंती बोलते तिथे चित्र क्षणभर थरथरते, तिथे फिल्म थांबवा आणि पुन्हा पाहा.