जांबवाल्याची आरोळी

पिकलेल्या जांबांचा, म्हणजे पेरूंचा, वास आला की मला उंद्री गावातली ती ओसरी आठवते. मी संगीतोपचाराच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि अर्धांगवायूनं वाचा गेलेले एक काका माझे पहिले रुग्ण होते. आठवडाभर त्यांच्या ओसरीत मी पेटीवर भूप राग वाजवला; ते भिंतीकडे पाहत बसले. हे काम आपल्याला जमणार नाही, असं मला वाटू लागलं. शेवटी काकू म्हणाल्या, "यायले तुह्या पेटीतलं काय समजते, माय? जनमभर बाजारात जांब इकले यायनं." मी विचारलं, "आरोळी कशी द्यायचे?" काकू लाजल्या, मग हळूच म्हणाल्या, "घ्या होऽ गोड जांब!" मी तीच चाल पेटीवर धरली आणि काकांच्या डाव्या हातावर ठेका देत राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांचे ओठ हलले, आणि फाटक्या पण सुरातल्या आवाजात शब्द आले, "गोऽड जांब!" झटक्यानंतर पाच महिन्यांनी पहिल्यांदा नवऱ्याचा आवाज ऐकून काकू तोंडाला पदर लावून रडल्या. पंधरा दिवसांनी त्याच चालीत काका म्हणाले, "पाणी देऽ वं." आता मी हेच काम करते. नवा रुग्ण आला की पेटी बंदच ठेवते आणि आधी घरच्यांना बोलू देते.