लाल स्टिकर

तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाने ट्रुगानिना या आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये आरोग्य शिबिर भरवलं. भिंतीशी वजनकाटा होता आणि त्याच्यासमोर अनवाणी माणसांची रांग. काट्यापाशी मंडळाचे सेक्रेटरी बसले होते. प्रत्येकाचं वजन ते मोठ्याने वाचायचे, शेजारची बाई ते लॅपटॉपवर टाकायची आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल स्टिकर छातीवर लावून द्यायची. लहान मुलांनाही.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचा आकडा वाचून सेक्रेटरी म्हणाले, "काय गं, आईचा डबापण तूच संपवतेस वाटतं?" रांगेतले चारपाच जण हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तिला लाल स्टिकर लागला, पाठोपाठ मलाही.

गाडीत तिने विचारलं, "आई, रेड म्हणजे मी सिक आहे का?"

"नाही गं. जरा कमी खायचं, एवढंच."

मी स्वतः लहानपणापासून जाड. पुण्यात प्रत्येक लग्नात कोणीतरी माझ्या ताटाकडे बघून काहीतरी बोलायचंच. मुलीच्या वाट्याला ते येऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून पोळीवरचं तूप बंद केलं आणि डब्यात काकडी-गाजर भरायला लागले. डबा अर्धा परत यायला लागला. मी खूश. "शहाणी माझी," म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसात असताना शाळेतून फोन आला. खेळाच्या तासाला ती चक्कर येऊन पडली होती. मी पोचले तेव्हा ती सिक-बेमध्ये, आजारी मुलांच्या खोलीत, बुटांसकट कॉटवर झोपली होती. टीचर म्हणाल्या, हल्ली ती लंच खातच नाही, नुसती बसून राहते.

"का गं नाही खात?" मी विचारलं.

"यू वेअर हॅपी," ती छताकडे बघत म्हणाली. "डबा परत आला की यू वेअर हॅपी."

मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

आमची डॉक्टर साठीची, इथलीच, मोजकं बोलणारी. तिने दोघींचं रक्त तपासलं. मुलीचं लोह कमी होतं, बाकी सगळं ठीक. डॉक्टरने तिला विचारलं, तुला काय खेळायला आवडतं? क्रिकेट, ती म्हणाली, बोलिंग. "मग जेवायला लागेल," डॉक्टर म्हणाली, "उपाशीपोटी कोणी फास्ट बोलर होत नाही." माझी साखर मात्र काठावर होती. मुलीला बाहेर बसवून मी डॉक्टरला सांगितलं, माझ्या वजनाबद्दल तुला हवं ते बोल, मी ऐकेन, पण तिच्यासमोर नको. तिने मान डोलावली.

गणपतीआधी पुन्हा शिबिर ठरलं. मीटिंगमध्ये मी म्हणाले, मुलांची वजनं चारचौघांत करू नका.

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, इथं आपली मुलं किती जाड होतायत बघा. दिवसभर स्क्रीन, वर चिप्स नि बर्गर. कोणीतरी सांगायला नको?"

त्यात खोटं काही नव्हतं. "सांगा ना," मी म्हणाले. "आईबापांना बाजूला घेऊन सांगा. पोरांच्या छातीवर चिकटवू नका."

"तुम्ही फार मनाला लावून घेताय."

"घेतेय. माझी मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली."

मग कोणीतरी हॉलच्या बुकिंगचा विषय काढला आणि माझा विषय तिथेच संपला. स्टिकर कायम राहिले.

शिबिराच्या दिवशी मी मुलीला घरी ठेवलं आणि एकटीच हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. मुलं घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला सांगितलं, आत मुलांची वजनं मोठ्याने वाचतात, काट्यावर उभं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काहींनी मला टाळलं. एक जण माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुला सोयीचंच आहे ते." मी म्हणाले, "असेल." आणि तिच्यामागच्या बाईशी बोलायला लागले.

तासाभराने सेक्रेटरी बाहेर आले. "तुम्ही आमचं शिबिर बिघडवताय."

"हो," मी म्हणाले.

मी माफी मागेन असं त्यांना वाटलं असावं. मी दारातून हलले नाही. दुपारपर्यंत बऱ्याच आया मुलांना काट्यावर न चढवताच घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी मुलांसाठी स्टिकर नव्हते. काट्याभोवती पडदाही आला. मला मात्र मीटिंगला बोलावणं येत नाही.

घरी तूप परत आलं. चिप्सची पाकिटं बंद झाली, सगळ्यांसाठीच. साखरेची गोळी मी रोज घेते. मुलगी आता क्लबात खेळते आणि शनिवारी सकाळी पार्कात सराव करते. मी तिच्यासाठी कीपिंग करते. घट्ट ट्रॅकपँट घालून वाकून उभी राहिले की ट्रॅकवर चालणारे लोक मान वळवून बघतात. बघू देत.

परवा ओळखीची एक जण थांबली. "वा, वजन कमी करतेयस वाटतं?"

"नाही," मी म्हणाले, "कीपिंग करतेय."

तेवढ्यात चेंडू माझ्या दोन पायांमधून मागे गेला. "आई, फोकस," पलीकडून मुलगी ओरडली, आणि मी धापा टाकत चेंडू आणायला पळाले.