एका जीपमध्ये दोन पक्ष: शहाद्याहून रनाळ्यापुढे, सौर वीज बघायला

नलूताई माझी मावसबहीण. शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीच्या अलीकडे तिचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून पुरती निवळलेली नाहीत. जानेवारीत तिचा फोन आला. गावच्या गायरानावर सौर वीज प्रकल्प होऊ द्यायचा की नाही, याचा ठराव प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत येणार होता. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सत्तेतल्या पक्षाचे. त्यांना प्रकल्प हवा होता. धाकटा दीर विलास विरोधी पक्षाचा. त्याला नको होता. एकाच विहिरीवर पपई पिकवणारे हे सख्खे भाऊ दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणून तिला मी हवी होते. मी रजा टाकली.

नाशिकहून शहाद्याला थेट एसटी मिळते. सकाळची गाडी धरा, म्हणजे उजेडात पोचाल. धुळ्यानंतरचा पट्टा रुक्ष आहे, पण सारंगखेड्याला तापी ओलांडली की चित्रच पालटतं. केळी, ऊस आणि रस्त्याला टेकून उभ्या पपईच्या बागा. हिरवळ डोळ्यांना गोड वाटते. नलूताईला मात्र त्याच उसाची धास्ती असते, कारण आत बिबट्या असतो आणि शेतीची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मोटार लावायला बहुतेक वेळा तीच जाते, कारण दाजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. दाजी ओसरीवर जेवले, विलास मागच्या अंगणात. दोघांनी आपापली बाजू मला वेगवेगळी ऐकवली. दाजींचं म्हणणं, प्रकल्प झाला की दिवसा वीज मिळेल, प्रश्न मिटला. विलासचं म्हणणं, सौर विजेने लाइन डळमळते, मोटारी जळतात, आणि गायरान एकदा गेलं की गेलं. दोघांच्या मोबाइलवर आपापल्या पक्षाचे व्हिडिओ होते आणि मी त्यावर शिक्का मारावा अशी दोघांची अपेक्षा होती. मी म्हटलं, मी विजेचा नियम सांगू शकते, तुमच्या फीडरवर, म्हणजे गावच्या वीजवाहिनीवर, काय होईल ते इथे बसून सांगू शकत नाही.

त्यावर नलूताई भांडी आवरता आवरता म्हणाली, "सकाये दोन्ही भाऊ जीपमा बठा. आपन देखी येऊत, मंग भांडा."

 विलास म्हणाला की त्याला काम आहे. "कामले मी बी जासू," ती म्हणाली, "रातले." सकाळी दोघंही जीपमध्ये बसले.

रनाळ्याच्या पुढे एका गावात असा प्रकल्प सुरू आहे, हे तिनेच माहेरच्या ओळखीतून शोधलं होतं. शहाद्याहून प्रकाशा या तीर्थगावामार्गे नंदुरबार, तिथून दोंडाईचा रस्त्याने रनाळे. जीप दिवसभरासाठी ठरवलीत तर भाडं आधी बोलून घ्या. प्रकाशाला संगमावरच्या देवळांसाठी अर्धा तास काढा. आम्ही नुसता चहा घेतला. नंदुरबारबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या पसरलेल्या होत्या, डोळे दिपवणारा लाल रंग. काचा लावूनही चौघं शिंकत होतो. जातानाच्या प्रवासात दोन्ही भावांनी एकत्र केलेली ही एकच गोष्ट.

प्रकल्पाच्या कुंपणालगत हिराबाई नावाच्या शेतकरणीचं कांद्याचं शेत होतं. नलूताईने तिला गाठलं, बांधावर बसवलं आणि विचारायचं ते विचारलं. हिराबाई म्हणाली, "दिनमा लाईट भेटस, हाई खरं शे. रातले वावरमा जानं बंद व्हयनं."

दाजींनी विलासकडे पाहिलं. पण हिराबाईचं बोलणं संपलं नव्हतं. मोठी लाइन गेली की हे पॅनेलही बंद पडतात, भर उन्हातसुद्धा. दाजींना ते पटेना. ते माझ्याकडे वळले. मी सांगितलं की ते असंच असतं. मोठी लाइन, म्हणजे ग्रीड, बंद असताना पॅनेल वीज सोडत राहिले तर खांबावर दुरुस्ती करणारा माणूस मरेल.

मग विलासने मोटारींचं विचारलं. हिराबाईची मोटार खरंच जळली होती. पाऊस झाला की कोणी मोटार लावत नाही, ऊन मात्र पडतं, आणि खपत नसलेल्या विजेने व्होल्टेज चढतं. पुढे गावकरी एकत्र उपकेंद्रावर गेले, तेव्हा व्होल्टेजचं सेटिंग बदललं गेलं. त्यानंतर तिची मोटार जळलेली नाही. गुरांचं विचारलं तर तिने हात लांब करून दाखवला. कुंपणाला वळसा घालून गुरं लांबून पाण्यावर जात होती. वाट सोडायची कोणाला सुचलंच नव्हतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. दोघंही निम्मे खरे निघाले होते आणि ते दोघांनाही जड जात होतं. प्रकाशाच्या पुलावर विलास पुढे वाकून दाजींना म्हणाला, "दादा, वाट सोडाले लावशी का?"

दाजी म्हणाले, "तू ठराव अडावशी नही, तं लावसू."

ग्रामसभेत झेंडावंदनानंतर दोन्ही पक्षांची माणसं दोन बाजूंना बसली होती. नलूताई उभी राहिली. तिने आपली मागणी मांडली. प्रकल्प हवा, पण गुरांची वाट मोकळी राहील, निम्मं गायरान चराईला राहील आणि व्होल्टेजची तपासणी गावासमोर होईल, या अटी ठरावात लिहायच्या. दाजींच्या नेत्याने अटींनी काम रखडेल म्हणून हरकत घेतली. विलास उठायला लागला, तर त्याच्याच लोकांनी त्याला हाताला धरून खाली ओढलं. तरी तो उठला आणि म्हणाला, "मी देखी उनू. वैनी खरं सांगी ऱ्हायनी." दाजींनी आपल्या नेत्यासमोर अनुमोदनाचा हात वर केला. ठराव अटींसह मंजूर झाला. संध्याकाळपर्यंत विलासला त्याच्या पक्षाच्या ग्रुपमधून काढलं होतं आणि दाजींच्या नेत्याने त्यांचा फोन उचलणं बंद केलं होतं.

जमलं तर तुम्ही एक दिवस वाढवून सातपुड्यातल्या मोलगीच्या आठवडी बाजाराला जा. माझी रजा संपली होती.

आता नाशिकला वर्गात ग्रीड शिकवताना मला फळ्यावरच्या आकृतीत हिराबाईचा बांध दिसतो. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. नलूताई अजून रात्रीच मोटार लावायला जाते, फक्त आता सोबत विलास असतो. परवा तिचा फोन आला. मोजणीवाल्यांनी गुरांच्या वाटेवरच खुंट्या ठोकल्या होत्या. तिने काम थांबवलं आणि खुंट्या काढायला सांगितलं. मोजणीवाले काढेनात, तेव्हा दोन्ही भावांनी मिळून त्या उपटल्या.