पंचफुलाची पायपेटी

औशाच्या भीमनगरात पंचफुला शिवणकाम करायची. तिनं शिवलेलं झंपर काखेत कधीच नीट बसलं नाही. कुणी बाई तक्रार घेऊन आली की पंचफुला तिला उजेडात उभी करून निरखायची आणि म्हणायची, "झंपर बरोबर हाय. तुझी काख वाकडी हाय." बाई काखेकडं बघत घरी जायची. पंचफुलाला आपल्या हातून चूक होऊ शकते असं आयुष्यात कधी वाटलं नाही. त्यामुळं तिची तब्येत अखेरपर्यंत ठणठणीत राहिली.

तिचा नवरा पंढरी गाणारा. धर्मांतरानंतर वस्तीनं हलगी खाली ठेवली होती. गावाच्या लग्नामयतीला आता आपण वाजवायचं नाही, असं ठरलं होतं. वाजवायचं ते आपल्यासाठी, बुद्धवंदनेला आणि भीमजयंतीला. म्हणून पंढरीनं गायन पार्टी काढली. आवाज एवढा मोठा, की तो गायला लागला की वेशीतली कुत्री उठून बसायची. सूर मात्र आवाजाच्या मागून चालत यायचा आणि कधीकधी यायचाच नाही. त्याला धरून ठेवायला पेटी पाहिजे होती.

पेटी सापडली गुरुबसप्पा आडत्याच्या गोदामात. निजामाच्या राज्यात एक नाटक कंपनी औशाला उतरली होती. रझाकारांच्या धामधुमीत कंपनी पांगली. नायिकेचं काम करणारा बुवा लुगड्यातच सोलापूरच्या रस्त्याला लागला, आणि त्याची पायपेटी ज्वारीच्या पोत्यांमागं राहिली. माणसाच्या कमरेपेक्षा उंच, कपाटासारखी, खाली दोन पायटे. पायानं भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायची. पंढरी बघायला गेला तेव्हा भात्याच्या पोकळीत कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"न्या," गुरुबसप्पा म्हणाला. "जागा तरी मोकळी व्हईल. पण कोंबडी ठिवून जावा."

पेटी वस्तीत आली. पुढच्या फळीवर सोनेरी विलायती अक्षरं होती. शाळेच्या गुरुजींनी चष्मा लावून वाचलं, "पॅरिस." पंढरीनं ऐकलं, "परीस." संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की पंढरीच्या पेटीत परीस हाय. पंढरीची आई नागुबाई गुपचूप विळा घेऊन आली आणि फळीवर घासून गेली. विळ्याचं सोनं झालं नाही, फळीवर मात्र ओरखडा पडला. नागुबाईनं त्या दिवसापासून पेटीला खोटारडी ठरवलं.

वाजवायला मुरुडहून व्यंकटी मास्तर आणला. मास्तर हातपेटी वाजवणारा. एका हातानं भाता हलवायचा, दुसऱ्यानं पट्ट्या दाबायच्या, एवढ्यात त्याचा जन्म गेलेला. पायपेटीवर बसला की त्याची पंचाईत व्हायची. पायांकडं लक्ष दिलं तर हात चुकायचे, हातांकडं दिलं तर पाय थांबायचे आणि पेटी मध्येच मान टाकायची. शेवटी मास्तर वैतागून म्हणाला, "हे वाजवायचं यंत्र हाय का उसाचा चरक?" आणि नांदेडला रेल्वेत चिकटायला निघून गेला.

पंचफुला दारात काज करत बसली होती. मास्तर गेल्यावर ती उठली, पेटीसमोरच्या स्टुलावर बसली आणि पायटे दाबून बघितले. तिला हसूच आलं. ही तर शिलाई मशीन. पाय वर, पाय खाली, न थांबता, डोक्यात दुसरंच काही चाललं तरी पाय चालू. गेली कित्येक वर्षं ती हेच करत होती. तिनं दोन पट्ट्या एकदम दाबल्या.

आवाज निघाला तो वस्तीनं त्याआधी ऐकलेला नव्हता. हातपेटी बोलते ती सर्दी झाल्यासारखी, नाकातून. ही छातीतून बोलली. खालचे सूर जमिनीतून चढत आले, पत्र्याच्या डब्यातले दाणे थरथरले, आणि वरचे सूर त्यांच्या अंगावर उभे राहिले. आत विलायती सूर होते, पितळेच्या पातळ जिभल्या. एवढी वर्षं ज्वारीची धूळ खाऊनही त्या गंजल्या नव्हत्या. पंढरी तोंड उघडून उभा राहिला. नागुबाई आतून म्हणाली, "कोण मेलं?"

"कुणी न्हाई. तुमची सून वाजवायली," पंचफुला म्हणाली.

हात शिकायला तिला वर्ष लागलं. ती शिकली तेही शिंप्याच्या पद्धतीनं. संथ गाणं म्हणजे तिच्या लेखी हातशिलाई, जलद गाणं म्हणजे सरळ टीप, आणि पंढरी सुरातून सुटला की ती म्हणायची, "उसवलं बग." खराब पट्ट्यांना तिनं माणसांची नावं दिली. एक पट्टी दाबली की वर येताना कुरकुर करायची, ती नागुबाई. एक वाजायचीच नाही, ती पंढरी.

एकदा गुरुजींनी सांगितलं, की रेडिओवाल्यांनी पेटीला कैक वर्षं बंदी घातली होती. पेटी नुसती एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारते, मधलं काही तिला गाता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"आमच्या घरच्याला तर सूरच येत न्हाईत, नुसतं मधलंच येतंय," पंचफुला म्हणाली. "त्याला घ्या मनावं रेडिओवर."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत दगड दिसायला लागले. झंपर शिवायला कुणाकडं कापड नव्हतं, चुलीला सरपण नव्हतं. हवा एवढी कोरडी झाली की पेटीचं लाकूड सांध्यात उकललं, भात्याचं कातडं तडकलं आणि पेटी दम्याच्या म्हाताऱ्यागत धापा टाकायला लागली. पंचफुलानं नागुबाईची जुनी चप्पल फाडली, तिच्या कातड्याचं ठिगळ शिवून भात्यावर खळीनं चिकटवलं. पेटी पुन्हा बोलली, जराशी तिखट.

"सासूच्या चपलेतून वारा जातोय, तिखटच येणार," ती पंढरीला म्हणाली.

चप्पल गेल्याचं नागुबाईला कळलं. तिनं काही भांडण केलं नाही. ती फक्त पेटीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "लाकूड सागाचं हाय. चार दिवस भाकरी व्हतील."

पंचफुला दुसऱ्या दिवशी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली तेव्हा तिनं पेटी बैलगाडीत घातली. घरी ठेवली असती तर सासूनं तिच्यावर भाकरी भाजली असती. कामावर बायांच्या तान्ह्या लेकरांसाठी एक छप्पर उभं केलेलं होतं. तिथं तिनं पेटी ठेवली. लेकरं ऊन आणि भुकेनं किंचाळत होती. सांभाळणारी म्हातारी रडकुंडीला आली होती. पंचफुलानं जेवणाच्या सुट्टीत खालचा एक सूर लावून नुसते पाय चालवले. घुमणारा तो एकच सूर ऐकत लेकरं एकेक करून झोपली. म्हातारीही झोपली.

तेव्हापासून बाया जेवायला छपरातच बसायच्या. मदतीत आलेल्या मिलोची, परदेशी ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही, सुकडीचं पीठही नाही, म्हणून पंचफुलानं त्यांच्यावर गाणं रचलं:

मिलो आला बोटीतून, सुकडी आली गोणीतून,
सायेब आला जीपड्यातून, पाऊस येईना कुठून.

पुढची कडवी बायांनीच जोडली. ती इथं छापण्यासारखी नाहीत. साहेबाच्या पोटाचा घेर, मुकादमाची नजर, सगळं त्यात आलं. गाणं खडीवरून पाझर तलावाच्या कामावर गेलं, तिथून आणखी पुढं. एक दिवस जीप आली, आणि गाणं चालू असतानाच साहेब छपराच्या दारात उभा राहिला. त्याच्या पोटाचं कडवं नेमकं तेव्हाच चाललं होतं.

साहेब वळून जीपमध्ये जाऊन बसला. जीप गेल्यावर मुकादमानं पंचफुलाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

पंचफुलानं घमेलं खाली ठेवलं. घरात खाणारी तीन तोंडं होती आणि शिवायला एक चिंधी नव्हती. ती पेटी गाडीत चढवायला कुणाला हाक मारावी म्हणून वळली, तर मागं शंभरेक घमेली जमिनीवर ठेवलेली. बाया खाली बसल्या होत्या. कुणी घोषणा दिली नाही. लक्ष्मम्मा नावाची निलंग्याकडची बाई, जिची अर्धी भाषा कानडी होती, तेवढी मुकादमाला म्हणाली, "पेटी इल्ला, काम इल्ला." मुकादमाला कानडी येत नव्हती, पण पेटी नाही तर काम नाही, एवढं समजलं. छपरातली लेकरं तोवर एकसाथ रडायला लागली होती. दुपारी मुकादम स्वतः पंचफुलाकडं आला.

"बस वाजवत," तो म्हणाला. "पण साहेबाचं पोट सोडा."

"सोडलं," ती म्हणाली. "तुमचं घेऊ का?"

पाऊस पुढच्या वर्षी आला. पेटीचे सांधे फुगून परत मिटले. ठिगळ मात्र तसंच राहिलं.

मग दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला कोर्टकचेरीला जाणाऱ्या एसट्यांतली गर्दी आता लातूरच्या एसट्यांत जाणार, एवढाच फरक पंचफुलाला दिसत होता. पण औशात कमिटी बसली. बाजार समितीच्या आवारात मांडव, मुंबईहून कुणी पुढारी, हार, फेटे. कमिटीचा अध्यक्ष गुरुबसप्पा. त्याची सून उमादेवी सोलापूरची, शिकलेली. स्वागतगीत तिनं वाजवून म्हणावं असं सासऱ्यानं ठरवलं आणि तसं पत्रिकेत छापूनही टाकलं. तिला वाजवता येतं का, हे विचारायचं राहून गेलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी उमादेवी स्वतः भीमनगरात आली.

"मावशी, मला पेटीवर सारेगमसुद्धा वाजवता येत नाही. मामंजी म्हणतात, तुम्ही पडद्यामागं वाजवा, मी पुढं नव्या पेटीवर नुसती बोटं फिरवते."

पंढरी भडकला. "पडद्यामागं कामून? आमी काय चोर हाव?"

पंचफुलानं उमादेवीकडं बघितलं. पोरगी खरंच रडायच्या बेतात होती. "येते," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्यासाठी न्हाई. तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी मांडवात उमादेवी जरीच्या पातळात चकचकीत हातपेटीसमोर बसली. मागं पडद्याआड पंचफुला पायपेटीवर. स्वागतगीत सुरू झालं. उमादेवी बरं गात होती, आणि हातपेटीतून एवढा भरदार आवाज येतोय म्हणून लोक माना डोलवत होते. पहिलं कडवं संपलं. मधल्या जागेत गुरुबसप्पा माईकवर आला आणि म्हणाला, "आमच्या सूनबाईंनी लहानपणापासून केलेल्या कठोर रियाजाचं हे फळ हाय."

पंचफुलाला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला. पण ती अंगानं दणकट बाई, तिचं हसू पोटातून निघायचं आणि सगळं अंग हलवायचं. मशीनवर, पेटीवर, कधीही न थांबणारे तिचे पाय हसता हसता थांबले. भाता बसला. पेटी लांब उसासा टाकून गप्प झाली.

पुढं उमादेवीची बोटं फिरतच राहिली. मांडवभर शांतता, आणि हातपेटीवर दहा बोटं मुकाट नाचतायत. पहिल्या ओळीतला पुढारी पुढं वाकून बघायला लागला. तेवढ्यात पडद्यामागून पंचफुलाचं हसू मोठ्यानं फुटलं.

उमादेवीनं बोटं उचलली. ती उठली, पडद्यापाशी गेली आणि तो एका झटक्यात बाजूला ओढला. स्टुलावर डोळे पुसत बसलेली पंचफुला सगळ्या मांडवाला दिसली.

"वाजवणाऱ्या ह्या आहेत," उमादेवी म्हणाली. माईकनं ते मागच्या रांगेपर्यंत पोचवलं.

मागच्या रांगांत खडीवरच्या कितीतरी बाया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं ओरडून सांगितलं, "पंचे, मिलोचं म्हण." पंचफुलानं गुरुबसप्पाकडं बघितलंसुद्धा नाही. पाय चालू केले आणि तिथल्या तिथं नवं कडवं जोडलं:

जिल्हा आला दारामधी, कचेरी आली गावात,
पाहुण्यांनी बघून जावं, पाणी हाय का हौदात.

बायांनी उचलून धरलं. पुढारी आधी कमिटीकडं बघत राहिला, मग लोक हसतायत म्हणून तोही हसला. हौदात पाणी त्यानंतरही आठवड्यातून एकदाच आलं. पण ते कडवं त्या वर्षी औशाच्या पोरीबाळींनी दोरीवरच्या उड्या मारताना म्हटलं.

गुरुबसप्पानं सुनेशी बोलणं टाकलं. पेटी मुळात आपलीच, असंही तो बाजारात बोलत फिरला. उमादेवी पंचफुलाकडं शिकायला जायला लागली. घरातून विचारलं की सांगायची, झंपर शिवायला टाकलंय. पंचफुलानं तिला आधी नुसतं मशीनवर बसवलं. पाय स्वतःहून चालेपर्यंत पट्टीला हात लावू दिला नाही. त्या वर्षी उमादेवीकडं एवढी झंपरं झाली की त्यांना पुरतील एवढी पातळं तिच्याकडं नव्हती. एकही काखेत बसत नव्हतं.

पुढच्या भीमजयंतीला भीमनगरात पायपेटीवर उमादेवी बसली. पंढरी गायला उभा राहिला, पंचफुला शेजारी खुर्ची टाकून, चूक झाली की मोठ्यानं सांगायला. दुसरं गाणं चालू असताना गुरुबसप्पा काठी टेकत मांडवात आला. सुनेला घेऊन जायला आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. या वस्तीत त्यानं याआधी पाऊल टाकलं नव्हतं.

पंचफुला उठली. "बसा मालक," म्हणून तिनं स्वतःची खुर्ची पुढं केली. सगळे बघत होते, उभं राहणं अवघड झालं, म्हणून तो बसला. नागुबाईनं चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला. तो कप त्यानं गुडघ्यावर धरून ठेवला. गाणं संपलं, पुढचं लागलं. कपावर साय धरली.

उमादेवीनं सासऱ्याला बघितलं होतं. तिची मान खाली होती, पण पाय थांबले नाहीत. खालचा सूर लागला आणि खुर्चीच्या पत्र्यातून गुरुबसप्पाच्या अंगात शिरला. तो पंचफुलाकडं झुकून हळूच म्हणाला, "गोदामात ही असं कधी वाजली न्हाई."

"तितं कोंबडी वाजवत व्हती," पंचफुला म्हणाली.

गुरुबसप्पानं गुडघ्यावरच्या कपाकडं बघितलं आणि तो नागुबाईपुढं धरला. "निवला," तो म्हणाला. "गरम दुसरा आना."