बाहेरची कडी

माझ्या धाकट्या मावशीला सगळे मास्तर म्हणत. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. बाई आहे म्हणून कुणीतरी एकदा मास्तरीण म्हणून बघितलं, तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं होतं की मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको, आणि मी कुणाची बायको नाही. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वर खडूची रेघ मारायची आणि पातं चालवलं की मागे बघायचं नाही, असं तिचं काम. बोलणंही त्याच मापाचं.

घर मात्र तिला कधी वठणीवर आणता आलं नाही. तळमजल्यावरचं भाड्याचं घर, आत-बाहेर दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. नळाचा वॉशर बदलला की चार दिवस बरे जायचे, मग येरे माझ्या मागल्या. कपाटाच्या बिजागरीला नवा स्क्रू लावावा तर दार खालून घासायला लागायचं. पंखा नीट झाला की बटण बिघडायचं. बाहेरच्या खोलीतल्या ओलीवर गिलावा केला, रंग दिला, आणि महिन्याभरात ओल परत आली, तीही जुन्याच आकारात, जणू रंगाखाली दबा धरून बसली होती. प्लंबरला मास्तर जावई म्हणायची, कारण तो बोलावण्याशिवाय यायचा नाही आणि चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. एक सांधावं तर तेरा तुटतात, असं ती म्हणायची, पण हसत म्हणायची. फाटलेलं शिवायचं आणि बिघडलेलं दुरुस्त करायचं, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं.

तिच्याबरोबर आक्का राहायची, म्हणजे माझी मोठी मावशी. माझी आई या दोघींच्या मधली. आजी लवकर गेली, तेव्हा मास्तरला वाढवलं ते आक्काने. आक्का जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे फोन जोडून देत बसलेली, त्यामुळे तिचा आवाज म्हातारपणीही लोण्यासारखा होता. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ती विसरायला लागली. आधी आमटीत दोनदा मीठ, मग आम्हा भाचरांची नावं, मग घराचा रस्ता. एका दुपारी ती दार उघडं टाकून निघून गेली आणि संध्याकाळी बसच्या थांब्यावर सापडली. बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ड्युटीची गाडी येईल म्हणाली.

मास्तरला नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. सांभाळायला ठेवलेल्या बायका टिकेनात. आई म्हणाली, आक्काला माझ्याकडे पाठव. पण आमच्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मास्तरला ते म्हणजे हात झटकल्यासारखं वाटलं. शेवटी तिने सुताराला बोलावलं आणि आतल्या खोलीच्या दाराला कडी लावायला सांगितली.

सुताराने आत डोकावून बघितलं. पलंगावर आक्का बसली होती आणि एकच रुमाल पुन्हा पुन्हा घडी करत होती.

"बाहेरून?" त्याने विचारलं.

"बाहेरूनच."

त्याने कडी बसवली आणि चहा न घेता गेला. मास्तरने खोलीत पाणी, खाण्याचा डबा, रेडिओ, सगळं ठेवलं. न्हाणीघराचं दार त्याच खोलीत होतं. सकाळी निघताना तिने कडी घातली, बाहेरच्या दाराला कुलूप लावलं, आणि बसमध्ये बसेपर्यंत तिला स्वतःकडे बघवेना.

संध्याकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत आली, तर आतल्या दाराची कडी जागेवर नव्हती. ती बाहेरच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. शेजारी तिचे स्क्रू, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका ओळीत, डोकी सगळी एकीकडे. एखादा नीटनेटका कारागीर परत लावायच्या बेताने ठेवतो तसे.

दार लोटलेलं होतं. आक्का पलंगावर बसली होती, शांत. तिच्यासमोर स्वयंपाकघरातलं स्टूल होतं.

मास्तरने विचारलं, कडी कुणी काढली. आक्का म्हणाली, मिस्त्री आले होते.

सुताराकडे किल्ली असणं शक्य नव्हतं, तरी मास्तरने त्याला फोन करून फैलावर घेतलं. तो बिचारा दिवसभर शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी खिडक्या बसवत होता. सकाळी येऊन त्याने भोकं तपासली. लाकूड ठणठणीत होतं. कुठे उचकटल्याची खूण नव्हती. त्याने लांब स्क्रू घातले आणि म्हणाला, आता दार फुटेल, पण कडी निघणार नाही.

संध्याकाळी लांब स्क्रू कट्ट्यावर ओळीत होते. स्टूल पलंगासमोर होतं.

मास्तरला आधी राग आला. तिला फसवणूक खपत नसे. तिने बाहेरचं कुलूप बदललं, खिडकीचे गज हलवून बघितले, समोरच्या काकूंना दाराकडे लक्ष ठेवायला सांगितलं. काकूंना लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. संध्याकाळी त्यांनी छातीला हात लावून सांगितलं की चिटपाखरू आलं नाही. मग जरा घुटमळून म्हणाल्या की तुमच्या आक्का मात्र दुपारभर कुणाशी तरी बोलत होत्या. बोलायच्या, थांबायच्या, मग हसायच्या. समोरचा काही सांगतोय असं वाटावं, तसं.

ती जन्मभर फोनवर बोललीय, मास्तर म्हणाली, तिला थांबायची सवय आहे.

हे तिने काकूंना सांगितलं आणि स्वतःलाही. पण घरात शिरून तिने स्टूलावर हात ठेवला, तर बसायची फळी कोमट होती.

सुताराला तिने पुन्हा बोलावलं. आता तोही इरेला पेटला होता. या वेळी त्याने स्क्रू घट्ट आवळले आणि मग कानशीने त्यांच्या डोक्यांवरच्या खाचा घासून टाकल्या. डोकी गुळगुळीत झाली, बटणांसारखी. स्क्रू-ड्रायव्हर टेकवायलाच जागा उरली नाही. आता मलाच काढायचे म्हटले तर कापावे लागतील, तो म्हणाला. संध्याकाळी मीच येऊन बघतो, असंही म्हणाला.

संध्याकाळी दोघं बरोबरच आत आली. कडी कट्ट्यावर होती, स्क्रू ओळीत होते. सुताराने त्यातला एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला. डोक्यावर खाच होती. सरळ, खोल, दुकानातून आणल्यासारखी चकचकीत. त्याने दुसरा बघितला. मग दोन्ही होते तिथेच, होते तसेच ठेवले आणि हात सदऱ्याला पुसला.

"ताई, हे काम मला सांगू नका," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "दुसऱ्या कुणालाही सांगू नका."

त्या रात्री मास्तरने आईला फोन केला नाही. आईनेच हे मला पुढे सांगितलं, जरा दुखावून. मास्तरचं म्हणणं असं की बघितल्याशिवाय कशाला कुणाचा जीव टांगणीला लावायचा.

दुसऱ्या दिवशी तिने रजा घेतली. आक्काला मात्र सांगितलं नाही. नेहमीसारखं तिचं आवरलं, डबा ठेवला, येते गं म्हणाली. स्वतःच्या हाताने कडी बसवली आणि घातली. बाहेरचं दार मोठ्याने उघडलं, मोठ्याने लावलं आणि आतून बोल्ट सरकवला. मग चपला काढून, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ती आतल्या दारासमोर बसली. पाठीमागे खिडकी होती. मांडीवर टाचायचं काम घेतलं होतं.

स्वच्छ ऊन होतं. रस्त्यावरून भंगारवाला गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. आत आक्का गुणगुणत होती. मास्तरला वाटलं, आपण वेड्यासारखं काय हे करतोय.

मग गुणगुणणं थांबलं.

"या," आक्का म्हणाली. पाहुण्याशी बोलावं तसं, गोड. जरा वेळ गेला. मग ती म्हणाली, "आज बसायला नाही हो. ती घेऊन बसलीय."

सुई मास्तरच्या बोटात गेली ते तिला कळलंच नाही. स्टूलावरून उठावंसं वाटलं आणि उठवेना. समोर कडी होती, आणि कडीचा वरचा स्क्रू फिरत होता. सावकाश, अर्धा वळसा, मग जरा थांबून पुन्हा अर्धा. स्क्रू-ड्रायव्हर धरलेल्या माणसाचं मनगट जिथवर वळतं तेवढंच.

"घाई नका करू," आतून आक्का म्हणाली. "लाकूड फुटेल."

स्क्रू पूर्ण बाहेर आला आणि दिसेनासा झाला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. आवाज आला तो मास्तरच्या पाठीमागे, खिडकीच्या कट्ट्यावर, धातू दगडाला टेकल्याचा, अगदी हलका. म्हणजे तिथे जाताना जो कुणी होता तो तिच्या अंगाला लागून गेला होता. तिने वळून बघितलं नाही. वळले असते तर वेडी झाले असते, असं ती मला म्हणाली.

दुसरा निघाला. तिसरा निघाला. प्रत्येक वेळी मागे तो हलका आवाज. शेवटचा स्क्रू फिरायला लागला तेव्हा मास्तरच्या तोंडून शब्द निघाले. ते आपण का बोललो हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. म्हणायची, कुणी आपलं काम करत असलं की बसून बघवत नाही, एवढंच.

"थांबा," ती म्हणाली. "मी काढते."

स्क्रू थांबला.

शिवणाच्या मशीनसाठी तिच्या पर्समध्ये छोटा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. तिने तो काढला. खाच पटकन सापडेना. समोर कुणी वाट बघत उभं असल्यासारखी हवा जड झाली होती आणि तिला ओल्या लाकडाच्या भुशाचा वास येत होता. शेवटी स्क्रू निघाला. कडी तिच्या हातात आली. मग मात्र तिला वळावंच लागलं. मागे कुणी नव्हतं. कट्ट्यावरच्या ओळीत एकाची जागा मोकळी ठेवलेली होती. तिथे तिने तो स्क्रू ठेवला.

स्टूल उचलून ती आत गेली. आक्काने तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, बाहेरच्या खोलीत.

"ते कुठे आहेत?" मास्तरने विचारलं.

"निघाले." आक्काने पलंगासमोरची जागा दाखवली. "आता तू बस."

बाहेरच्या दाराचा बोल्ट सरकल्याचा आवाज झाला, दार उघडल्याचा झाला, आणि हळूच ओढून घेतल्याचा झाला. मास्तर बसून राहिली. आक्का तिला ड्युटीवरच्या गमती सांगू लागली, चाळीस वर्षांपूर्वीच्या, एकेका माणसाच्या आवाजाची नक्कल करून. मास्तरने त्या कधी ऐकल्या नव्हत्या. ऐकायला ती दिवसा कधी घरी नव्हतीच. मध्येच तिने विचारलं की ते मिस्त्री कोण होते, नाव काय त्यांचं. आक्का म्हणाली, कामाला आलेल्या माणसाला नाव कशाला विचारायचं. पण दार बंद दिसलं की त्यांना करमत नाही, असं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मास्तरने कापडाचा एक अख्खा थर चुकीचा कापला. नोकरीत पहिल्यांदाच. मालक ओरडायला आला. तेव्हाच तिने त्याला सांगितलं की यापुढे मी अर्धा दिवस येईन आणि कागदावरची मापं घरून काढून देईन, जमत असेल तर ठेवा. त्याने कुरकुर केली, पण तिच्यासारखा हात त्याला दुसरा मिळाला नसता. सकाळी ती येईपर्यंत कधी आई तर कधी मी जाऊन बसायचे. मास्तरचं टेबल आक्काच्या खोलीत, पलंगाला लावून आलं. कट्ट्यावरची कडी आणि स्क्रू एक दिवस मी गेले तेव्हा नव्हते. मास्तरने टाकले नव्हते. आक्काला विचारलं तर ती हसली.

आक्का पुढे तीनेक वर्षं होती. दार सताड उघडं असायचं आणि ती उंबऱ्याबाहेर गेली नाही, संध्याकाळी मास्तरचा हात धरून कोपऱ्यापर्यंत जायची तेवढीच. शेवटी शेवटी तिला मास्तरचंही नाव आठवेना. ती तिला मिस्त्री म्हणायला लागली. आम्हाला ते ऐकून कसंतरी व्हायचं. मास्तर मात्र ओ द्यायची.

आक्का गेल्यावर आम्ही मास्तरला आमच्याकडे आणलं. भीती नाही वाटत का त्या घराची आठवण आली की, असं मी एकदा विचारलं. ती कागदावर बाहीची रेघ ओढत होती. ती पुरी करून म्हणाली, वाटते ना. पण त्या माणसाने माझ्या बहिणीशी गप्पा मारल्या, मी मारत नव्हते तेव्हा.

मग तिने पट्टी सरकवली आणि दुसरी बाही काढायला घेतली.